पार्किंगमध्ये वाढणाऱ्या लेकरांसाठी आपण काय करू शकतो

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये नेपाळी वॉचमनदादांची एक चार वर्षांची पोरगी होती. राहायलाच होती, मीटर रूमच्या शेजारी जिन्याखाली जी खोली काढलेली असते ना तिथे, आई, बाबा, सात वर्षांची ताई आणि ही. बाबा रात्रभर गेटवर आणि पहाटे पाचपासून गाड्या पुसायचे, ही ओलं फडकं घेऊन मागे मागे. एकदा मी ऑफिसला निघाले तर ही माझ्या गाडीच्या नंबरप्लेटवरच्या सातवरून बोट फिरवत होती, आधी आडवं मग तिरकं खाली, एकदम बरोबर, आणि मला बघून म्हणाली "तीन सय चार को गाडी". म्हणजे फ्लॅट ३०४ ची गाडी. नंतर कळलं की बावीसच्या बावीस गाड्या कुठल्या घराच्या हे तिला पाठ आहे. आणि आम्ही सगळे दोन वर्षं तिच्याशी "ए बाजूला हो, गाडी येतीये" एवढंच बोलत होतो.

त्या दिवसापासून जे सुरू झालं ते आता सहा वर्षं चालू आहे. काही चुकलं, काही जमलं. पुण्यात, मुंबईत, नाशकात जिथे जिथे नेपाळी वॉचमनदादांचं कुटुंब पार्किंगमध्ये राहतंय तिथे कुणालातरी उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय. एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हे कुटुंब तुमच्याकडे किती दिवस राहील ते तुमच्या हातात नाही आणि त्यांच्याही नाही. एजन्सी बदलली, कमिटी बदलली, गावी आजी आजारी पडली की आठ दिवसांत खोली रिकामी होते. म्हणून मुलाला जे द्यायचं ते गाठोड्यात बांधून बरोबर नेता येईल असं द्यायचं. भिंतीवर रंगवलेले तक्ते मागे राहतात, भाषा आणि पुस्तकाची सवय आणि कागदपत्रांची फाइल बरोबर जाते.

आधी माणसं कोण आहेत ते समजून घ्या

आपल्याकडे येणारी बरीच कुटुंबं नेपाळच्या सुदूर पश्चिम भागातली असतात, अछाम, बझाङ, डोटी, बैतडी, कैलाली वगैरे जिल्हे. अछाम आणि मुंबईचं नातं तर पिढ्यानपिढ्यांचं आहे, आजोबांनी पण इथेच चौकीदारी केलेली असते. १९५० च्या भारत नेपाळ करारामुळे त्यांना इथे यायला व्हिसा लागत नाही, राहता येतं, काम करता येतं. त्यामुळे कायद्याने ते कुठेही चुकत नाहीयेत, पण ते इथले मतदार नाहीत, बऱ्याच जणांकडे इथलं रेशनकार्ड नाही, भाडेकरार तर कुणाचाच नाही कारण खोली कामाबरोबर मिळालेली. म्हणून कुठल्याच यादीत ते पटकन येत नाहीत आणि त्यांची तीन चार वर्षांची मुलं तर अजिबातच येत नाहीत.

पहिलं काम फार साधं आहे, नाव विचारा. सरसकट "बहादूर" म्हणणं बंद करा. दादा म्हणा, त्यांच्या बायकोला ताई म्हणा नाहीतर त्यांच्या भाषेत दिदी म्हणा, वयाने मोठ्या असतील तर खूप बरं वाटतं त्यांना. आणि मुलाच्या शिक्षणाचा विषय पहिल्याच दिवशी काढू नका. मी काढला होता, दादा एकदम गप्प झाले, त्यांना वाटलं पोरं पार्किंगमध्ये खेळतात म्हणून तक्रार आलीये आणि आता नोकरी जाणार. नंतर मी ताईंशी बोलले तेव्हा मोकळं झालं सगळं.

ताईंना काय विचारायचं तर दिवस कसा जातो ते. बाकीचं सगळं त्यातून कळतं. आमच्याकडच्या ताई सकाळी सातला पहिल्या घरी जायच्या, एकूण पाच घरं, दीडला परत. दादा रात्रपाळी करून आठला झोपायचे. म्हणजे आठ ते दीड धाकटीला बघायला कोण, तर सात वर्षांची थोरली. म्हणून मोठीची शाळा आठवड्यातून दोन तीन दिवस बुडायची आणि शाळेत सगळ्यांना वाटायचं की तिला अभ्यासात रस नाही. धाकटी कुठेतरी सुरक्षित बसली की मोठी आपोआप शाळेत जाते. बांधकामाच्या साइटवर पण हेच असतं, म्हणून तर मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी मोबाईल क्रेशचं, म्हणजे साइटवरच्या पाळणाघरांचं काम सुरू केलं तेव्हा अगदी तान्ह्या बाळापासून सुरुवात केली. तुमच्या शेजारी साइट असेल तर तिथल्या मुलांसाठी पुण्यामुंबईत डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्था आहेत, त्यांना मुलांची माहिती कळवा. पार्किंगमधलं एकटं दुकटं मूल मात्र सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही, ते आपल्यालाच बघावं लागतं.

अंगणवाडी शोधा, स्वतःची बालवाडी काढू नका

मला पण आधी वाटलं होतं की क्लबहाऊसमध्ये चार मुलं जमवून आपणच बालवाडी काढू. छान वाटतं ऐकायला. पण आपल्या परीक्षा, आपल्या ट्रिपा, पाहुणे, आजारपण, तीन महिन्यांत बंद पडते. अंगणवाडी बंद पडत नाही. ती २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी सुरू झाली आणि आज गल्लीबोळात आहे, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षण, गरम शिजवलेलं जेवण, वजन उंची बघणं, लसीकरणाची आठवण हे सगळं फुकट. त्याच्याहून लहान बाळ असेल तर घरी न्यायचा आहार मिळतो.

आणि आपल्याला मराठी लोकांना तर अंगणवाडी या शब्दाचा अभिमान पाहिजे. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, पुढे अनुताई वाघ आणि त्या कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावल्या, तिथली आदिवासी मुलं बालवाडीत येईनात तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. बिया, पानं, दगड, शिंपले हीच साधनं. माझ्या डोक्यात सारखं येतं की आज ताराबाई असत्या तर पार्किंगमध्ये येऊन बसल्या असत्या.

असो. अंगणवाडी शोधायची कशी तर ऑनलाइन शोधत बसू नका, जवळच्या वस्तीत जाऊन किराणा दुकानदाराला विचारा, तो लगेच सांगतो. मोठ्या सोसायट्यांच्या भागात अंगणवाडी जरा लांब असते, आमची एक किलोमीटरवर निघाली. मनपा शाळांच्या आवारात बालवाड्या असतात तिथेही विचारा. मग एक दिवस ताईंबरोबर स्वतः जा. तुम्ही एकट्या जाऊन नाव घालून येऊ नका, आईने सेविकाताईंना बघितलं पाहिजे आणि सेविकाताईंनी आईला, नाहीतर विश्वास बसत नाही. सेविकाताईंवर आधीच नोंदींचा, सर्वेक्षणाचा, पोषण ट्रॅकरच्या ॲपचा खूप ताण असतो, त्यामुळे हक्क सांगायला आल्यासारखं बोलू नका, दुपारी मुलं गेल्यावर जा, पाच मिनिटं बसा, मूल कुठलं, घरी काय बोलतं, काय खातं ते सांगा.

इथे एक सांगते. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांसाठी आहे. तीन ते सहा वयासाठी त्यात फक्त एवढंच म्हटलंय की सरकार सोय करू शकेल. म्हणजे या वयात मूल घरी राहिलं तर कायदा तुमच्या बाजूने पळत येणार नाही, गोडीगुलाबीने आणि चिकाटीनेच होतं. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, ते चांगलं आहे, पण पार्किंगपर्यंत ते यायला आपण मधे उभं राहावं लागतं.

नाव घातलं की खरा प्रश्न येतो, नेणार आणणार कोण. आमच्याकडे यावरच सगळं अडलं होतं आणि उत्तर इतकं सोपं निघालं की लाज वाटली. ताई सकाळी साडेनऊला ज्या दोन घरांच्या मधे असायच्या त्या दोन्ही घरांनी ठरवलं की पंधरा पंधरा मिनिटं उशीर झाला तरी चालेल, पगार कापायचा नाही. झालं. ताई स्वतः सोडून यायच्या. आणायला दुपारी आमच्यातल्या एक आजी आणि ताईंची जाऊ आलटून पालटून. बघा, पैसे नाही लागले, क्लबहाऊस नाही लागलं, अर्धा तास लागला. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंचं मूल या वयाचं असेल तर आज एवढं एकच करा, बाकी काही नाही केलं तरी चालेल.

कागदपत्रांची फाइल

कंटाळवाणं काम आहे पण पुढे सगळं यावरच अडतं. शंभर रुपयांची प्लास्टिकची बटणाची फाइल आणा आणि ती ताईंकडेच ठेवा, तुमच्याकडे नाही. मूळ कागद त्यांच्याकडे, तुमच्या फोनमध्ये पण त्यांना विचारूनच फोटो.

मूल इथे जन्मलं असेल तर मनपाचा जन्मदाखला बघा. नोंद २१ दिवसांत करायची असते आणि ती बहुतेक वेळा हॉस्पिटलमधूनच झालेली असते पण दाखल्यावर मुलाचं नावच नसतं, रकाना रिकामा. कारण बारसं नंतर झालं आणि पुन्हा कुणी ऑफिसात गेलंच नाही. हे नाव नंतर घालता येतं, पंधरा वर्षांपर्यंत मुदत असते, पण जितकं लवकर तितकं सोपं. मूल नेपाळमध्ये जन्मलं असेल तर त्यांच्याकडे त्याला जन्मदर्ता म्हणतात, गावच्या वडा म्हणजे वॉर्ड कार्यालयात मिळते, काका मामांना सांगून फोटो मागवा आणि पुढच्या दशैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्याला गावी गेले की मूळ प्रत आणायला सांगा.

नावात एक गंमत नाही, घोळच होतो म्हणा. आपल्या फॉर्मवर मधल्या रकान्यात वडिलांचं नाव जातं. त्यांच्याकडे मधलं बहादुर किंवा कुमारी हे स्वतःच्या नावाचाच भाग असतं. मग क्लार्क बहादुर हे वडिलांचं नाव म्हणून लिहून टाकतो आणि प्रत्येक कागदावर मूल वेगळंच. साउद, बोहरा, धामी अशी आडनावं असतात ती पण ऐकून लिहिली की चुकतात. म्हणून एका कार्डावर मुलाचं, आईचं, वडिलांचं नाव देवनागरीत आणि इंग्रजीत एकदा नीट लिहून, दादांच्या नागरिकता प्रमाणपत्राशी ताडून फाइलच्या पहिल्या कप्प्यात ठेवा, जिथे जाल तिथे ते कार्ड पुढे करायचं, तोंडी सांगायचं नाही.

लसीकरणाचं कार्ड ठेवा. हरवलं असेल तर घाबरू नका, मनपाच्या दवाखान्यात न्या, वय बघून पुढचं ते ठरवतात, गोवर रुबेलाचा दुसरा डोस आणि पाच वर्षांचा बूस्टर हे दोन हमखास राहिलेले असतात.

रोजचा एक तास

आता हा भाग जरा लांबणार आहे कारण मला यातच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं.

अंगणवाडीला जोड म्हणून संध्याकाळी एक तास, पाच ते सहा, आठवड्यातून चार दिवस. सातही दिवस ठरवू नका, टिकत नाही. उघड्यावर बसा, जिथे येणारे जाणारे बघतात, दार लावून एकटं कुणी मुलांबरोबर बसायचं नाही हा नियम आम्ही पहिल्या दिवसापासून ठेवला, तुम्हीपण ठेवा. गाड्या ज्या वेळी कमी येतात ती वेळ निवडा आणि खडूने नाही तर कुंड्या लावून जागा बंद करा.

पहिले काही आठवडे मूल बोलणारच नाही. हे लक्षात ठेवा, नाहीतर तुम्ही घाबराल आणि आईला सांगाल की डॉक्टरला दाखवा. घरची भाषा वेगळी असलेलं मूल नव्या भाषेत शिरताना बराच काळ नुसतं ऐकतं, बघतं, खुणेने करतं. दामटून "बोल ना, बोल ना" करू नका. आणि आईवडिलांना चुकूनही सांगू नका की घरी मराठी बोला. एका शिक्षिकेने आमच्या समोर ताईंना हे सांगितलं होतं, मनापासून सांगितलं होतं, आणि ताई घरी लेकीशी मोडक्या हिंदीत बोलायला लागल्या, म्हणजे गोष्ट नाही, लाड नाहीत, रागावणंसुद्धा अर्धं. महिन्याभरात पोरगी दोन्हीकडे गप्प. मग आम्ही ते उलटं केलं, घरी भरपूर नेपाळी, अंगणवाडीत मराठी, आणि आमच्या तासात दोन्ही. ज्या मुलाला एका भाषेत "आधी, नंतर, खाली, वर, म्हणून" कळतं त्याला दुसऱ्या भाषेत फक्त शब्द बदलायचे असतात.

आणि नेपाळी तर आपल्याला इतकी जवळची आहे की विचारू नका. लिपी देवनागरीच. म्हणजे दादांना वाचता येत असेल तर अंगणवाडीचा फळा ते वाचू शकतात, हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं, मी बोट ठेवून दाखवलं तर केवढे हसले. हात, नाक, कान, भात, दूध हे शब्द तेच. बस म्हणजे त्यांच्याकडेही बसच, कति म्हणजे किती, माछा म्हणजे मासा. आकड्यांत दोनला दुई, सहाला छ, दहाला दश, बाकी ऐकून लगेच कळतात. तर सुरुवात या सारख्या शब्दांपासून करायची, मुलाला पहिल्याच दिवशी वाटलं पाहिजे की हे मला येतंय.

मग फसवे शब्द. एका दुपारी ती माझ्याकडे आली, डोळे बारीक केलेले, म्हणाली "घाम लाग्यो". मी आपली ओढणीने तिचं कपाळ पुसायला लागले, कपाळ कोरडं. तिने माझा हात धरून मला सावलीत ओढलं. नेपाळीत घाम म्हणजे ऊन! त्या दिवसापासून मी एक वही केली, एका बाजूला तिचा शब्द, दुसऱ्या बाजूला आपला, मधे चित्र. ती वही आता सहाव्या मुलाकडे आहे.

ळ चा पण एक किस्सा आहे. नेपाळीत ळ नाही आणि श चा उच्चार बहुतेक स सारखा होतो. त्यामुळे ती "शाळा" म्हणायला गेली की "साला" व्हायचं आणि आमच्या सोसायटीतली मोठी मुलं खो खो हसायची, मग तिने तो शब्दच टाकला, "तिकडे" म्हणायला लागली. मला फार वाईट वाटलं होतं. हसणाऱ्या मुलांना मी बसवून सांगितलं, तुम्ही नेपाळी वाक्य म्हणून दाखवा, ती हसते का बघू, आणि ती नाही हसली, शिकवत बसली. ळ साठी युक्ती अशी की जोड्या लावायच्या, कालो काळा, निलो निळा, फल फळ, धुलो धूळ. त्यांचा ल तिथे आपला ळ. हे मुलाला समजावून सांगायचं नसतं, नुसतं टाळ्या देत म्हणायचं, चार दिवसांनी मूल स्वतःच नवी जोडी घेऊन येतं. उच्चार लगेच नाही आला तर सोडून द्या, येतो नंतर.

तासात काय करायचं याचं वेळापत्रक माझ्याकडे नाही. थोडं नाचणं गाणं, थोडं हाताचं काम, एक गोष्ट, आणि शेवटी मोकळं खेळणं, एवढंच. साधनं विकत आणू नका हे मात्र कळकळीने सांगते. बाटल्यांची झाकणं, राजमा आणि पावट्याच्या बिया, जुन्या लग्नपत्रिका, पाण्याची वाटी आणि जुना रंगाचा ब्रश. पार्किंगच्या फरशीवर पाण्याने काढलेलं चित्र सुकून गायब होतं, म्हणून चुकायची भीतीच नसते, आणि मनगट आपसूक तयार होतं. नंबरप्लेट तर आमचं पुस्तकच आहे. आज सात कुठे कुठे आहे, दोन सात असलेली गाडी कुठली, कुठल्या गाडीच्या आकड्यात शून्य नाही. बाबा जी गाडी पुसतात तिथेच अभ्यास, त्यामुळे बाबा पण पुसता पुसता विचारायला लागले. अंगणवाडीत पेन्सिल कधी धरायची ते सेविकाताई बघतील, आपण चार वर्षांच्या मुलाला एबीसीडी घोटायला लावायची नाही. आईवडील मागतील, इंग्लिश शिकवा म्हणतील, त्यांचं बरोबरच आहे त्यांच्या जागी. त्यांना लेकीने गोष्ट कशी सांगितली ते ऐकवा, मग धीर येतो.

गोष्ट रोज हवी. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर एकच गोष्ट मराठीतही आणि नेपाळीतही फुकट मिळते, फोनवर उघडून आज एका भाषेत, उद्या दुसऱ्या. पण मोबाईल मुलाच्या हातात द्यायचा नाही, आपण धरायचा आणि आपल्या आवाजात वाचायचं. आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे ताईंना बोलवा. त्या नाही म्हणतील, मला काय येतं म्हणतील. आमच्या ताई तीन आठवडे नाही म्हणाल्या. मग एका संध्याकाळी लेकीनेच हात धरून आणलं, त्या पायरीवर बसल्या, पदर सारखा केला आणि सुरू केलं, "एकादेशमा..." आपलं आटपाट नगर होतं तसं त्यांचं एकादेशमा. आमच्या सोसायटीतली मुलं, ज्यांना एक अक्षर कळत नव्हतं, ती पण तोंड उघडं टाकून ऐकत होती. ती पोरगी त्या दिवशी आईच्या मांडीला टेकून सगळ्यांकडे बघत होती, मालकिणीसारखी. एक सूचना, पुस्तकातली नेपाळी आणि सुदूर पश्चिमेकडची बोली यात फरक असतो, कुठे आमा म्हणतात कुठे इजा, म्हणून शब्द नेहमी आईला विचारून घ्या, फोनला नाही.

काही गोष्टी अजिबात करू नका. मुलांचे फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. वाढदिवसाचा उरलेला केक आणि जुनी तुटकी खेळणी आणून देऊ नका, द्यायचं तर चांगलं द्या आणि आईच्या हातात द्या. आणि आपली मुलं वेगळी बसवू नका. उलट आपली चार वर्षांची मुलं त्याच सतरंजीवर बसली पाहिजेत, फायदा दोघांचाही आहे आणि कमिटीत विरोध करणारे पण त्यानेच गप्प होतात, अनुभव आहे माझा.

सहा पूर्ण झाली की

शाळेचं आधीच्या जानेवारीपासून बघायला लागा. जवळची मनपा शाळा आधी बघा, चालत जाता येईल अशी, कारण लांबच्या चांगल्या शाळेत मूल आठवड्यातून तीन दिवस जातं आणि जवळच्यात सहा. पुण्यात मनपाच्या मराठी, इंग्रजी, उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. खासगी शाळेतल्या २५ टक्के राखीव जागांचा फॉर्म भरता येतो का ते बघा, पण त्याला राहण्याचा पुरावा, एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला वगैरे लागतं आणि या कुटुंबांची तिथेच अडचण होते, म्हणून त्याच्या भरवशावर वर्ष घालवू नका.

एका शाळेने आम्हाला आधार नाही, जन्मदाखला नाही म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं. ताईंनी परतताना वाटेत म्हटलं, जाऊ दे ना दिदी, गावी पाठवते हिला. तेव्हा मला कलम पाठ नव्हतं, आता आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४, वयाचा पुरावा नाही म्हणून कुठल्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. कलम १५, वर्ष सुरू झाल्यावर आलं तरी नाकारता येत नाही. कलम ४, वयाप्रमाणे वर्गात बसवायचं, आठ वर्षांच्या मुलाला पहिलीत नाही. या तीन ओळी मराठीत प्रिंट काढून फाइलमध्ये ठेवा. भांडायला नाही, नुसतं शांतपणे पुढे ठेवायला. तरीही नाही झालं तर मनपाच्या शिक्षण विभागात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. आमच्या दुसऱ्या वेळेला अर्जाची गरजच पडली नाही, मुख्याध्यापकांनी कागद वाचला आणि चष्मा काढून मुलीला विचारलं, तुझं नाव काय गं.

दशैं आला की

ऑक्टोबरच्या आसपास दशैं आणि मग तिहार, आपला दसरा दिवाळी. तेव्हा घरी जायचंच असतं, ट्रेनने लखनौकडे, मग बनबसा नाहीतर गौरीफंट्याची सीमा, मग बस, मग चालणं. महिना दीड महिना जातो. "शाळा बुडेल" म्हणून अडवू नका, आजीआजोबांकडचा तो महिना मुलाला हवाच असतो. फक्त जाण्याआधी अंगणवाडीत किंवा शाळेत सांगून जा, तारीख सांगून जा, म्हणजे नाव कमी होत नाही. कायमचे जाणार असतील तर शाळा सोडल्याचा दाखला लगेच मागा, तो ताबडतोब द्यायचा असं कायदाच सांगतो. राज्यातल्या राज्यात दुसरीकडे जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळतं, ते पण विचारा. नेपाळमध्ये शाळेचं वर्ष वैशाखात, म्हणजे आपल्या एप्रिलच्या मध्याला सुरू होतं, तर जमलं तर परतीचं त्याच्या आधी ठरवायला सांगा.

आणि जाताना एक पिशवी द्या. आमची पिशवी अशी असते, कागदांची फाइल, शब्दांच्या वहीची झेरॉक्स, दोन चित्रांची पुस्तकं त्यातलं एक बिनशब्दांचं, बारा खडू, झाकणांचा डबा. पुस्तकं नवी कोरी नकोत, मुलाने ज्यावर शंभरदा बोट फिरवलंय तीच.

ती ३०४ वाली पोरगी त्या नंबरप्लेटच्या दिवसानंतर पावणेदोन वर्षं आमच्याकडे होती. मग दादांची एजन्सी बदलली आणि ते मुंबईला मालाडला गेले, चार दिवसांत. तिकडे अंगणवाडीत नाव घालायला ताई एकट्या गेल्या, फाइल घेऊन, मला विचारलं पण नाही आधी. झाल्यावर फोन केला. मागून आवाज येत होता, ती कुणालातरी नव्या पार्किंगमधल्या गाडीचा नंबर मोठ्याने सांगत होती, एक एक आकडा सुटा, मराठीत, आणि मधेच नऊला "नौ" म्हणाली, थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.